विचारा, सांगते : ऑफिसला जायचं तरी कशाला?

मागच्या अंकाच्या शेवटी मी सहज विचारलं होतं की तुमच्याकडे ऑफिसचं सध्या काय चाललंय, रोज जाता, अधूनमधून जाता की घरूनच, तर त्या एका ओळीवर इतके मेल आणि व्हॉट्सअॅप आलेत की पीएफ, ग्रॅच्युइटी, नोटीस पिरियडवाले नेहमीचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवावे लागले. ते पुढच्या वेळी घेते, रागावू नका. निवडलेली पत्रं सगळी ठाणे-नवी मुंबईची आहेत, मुद्दाम नाही, तीच जास्त आली होती.

आधीच सांगून टाकते, मी सत्तावीस वर्षं एचआरमध्ये काढली, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या पंचिंग मशीनपासून ऐरोलीच्या स्वाइप कार्डापर्यंत, म्हणजे लोकांची हजेरी मोजणाऱ्यांतलीच मी एक. तरी मला ना 'ऑफिस हवंच' म्हणवत, ना 'ऑफिस संपलं' म्हणवत. माझा हिशोब आपल्या भागातल्या माणसाचा आहे. डोंबिवलीहून, घोडबंदरहून, खारघरहून निघालेल्या माणसाचे जाऊन येऊन दोन तास तरी मोडतात. घरी बसून जे मिळालं नसतं असं काहीतरी देऊन ऑफिसने ते दोन तास वसूल करून द्यावेत. देत असेल तर जावं, देत नसेल तर तोंड उघडून विचारावं.

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहतो, वय २४, ऐरोलीत एका आयटी पार्कात जॉब आहे. आठवड्यातून तीन दिवस कम्पल्सरी. जातो, हेडफोन लावतो आणि दिवसभर पुण्याच्या आणि बंगळूरच्या लोकांशी कॉलवर बोलतो कारण माझी टीम तिकडेच आहे. शेजारचा मुलगा कुठल्या प्रोजेक्टवर आहे हेही मला माहीत नाही. काही जण तर येतात, कार्ड स्वाइप करतात, कॉफी पितात आणि अकराला परत जातात. मी पण तेच करू का? – वैतागलेला फ्रेशर

उत्तर : नको रे बाबा. स्वाइप करून पळणाऱ्याचं नाव आज ना उद्या कुठल्या तरी एक्सेल शीटमध्ये येतंच, आत आल्याची वेळ नोंदवणारं मशीन बाहेर गेल्याचीही नोंदवतं, हे मी त्या शीट बनवणाऱ्या बाजूने सांगतेय. वैताग मात्र तुझा अगदी खरा आहे. कळव्याहून ठाणे, मग जिना चढून नऊ-दहा नंबरला ट्रान्स हार्बरची (ठाणे-वाशी मार्गाची) लोकल, मग ऐरोली. कळव्याहून थेट ऐरोलीला जाणाऱ्या उन्नत मार्गाचं किती वर्षं ऐकतोय, त्यातलं दिघा गाव स्टेशन तेवढं जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. एवढा द्राविडी प्राणायाम करून पोचायचं आणि घरच्या टेबलावर केलं असतं तेच काम तिथल्या टेबलावर करायचं, तर डोकं फिरणारच.

पण एक गोष्ट ऐक, तुझ्या वयाशी संबंध आहे तिचा. एमआयटीमध्ये थॉमस अॅलन नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअर लोक एकमेकांशी कामाचं किती बोलतात ते मोजलं. टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होत जातं आणि पन्नास मीटरच्या पुढे जवळपास थांबतंच, असं निघालं. पन्नास मीटर म्हणजे लोकलचे जेमतेम अडीच डबे! आता तू म्हणशील तेव्हा चॅट कुठे होतं. बरोबर, म्हणून अलीकडचं बघ. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या तीन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी अभ्यास केला. ज्यांची अख्खी टीम एकाच बिल्डिंगमध्ये बसायची त्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या, दोन बिल्डिंगमध्ये विभागलेल्यांना कमी, आणि या शेजाराचा सगळ्यात जास्त फायदा नव्या पोरापोरींना होत होता. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे, टीममधला एक जण जरी लांब बसत असला तरी जवळ बसणाऱ्यांचंही एकमेकांशी बोलणं कमी व्हायचं, कारण त्या एकासाठी सगळी मीटिंग ऑनलाइन व्हायची आणि मग मीटिंगनंतर उठता उठता जे बोललं जातं ते गेलंच. तुझ्या बाबतीत तो एक जण तूच आहेस.

म्हणून मॅनेजरशी भांडायचं तर 'तीन दिवस का' यावर भांडू नकोस, 'कुणाबरोबर' यावर भांड. सरळ मेल टाक की मला दर दोन महिन्यांनी चार दिवस पुण्याला टीमबरोबर बसू द्या, त्या बदल्यात ऐरोलीचे काही दिवस कमी करा. कंपनीला रेल्वेचं तिकीट आणि गेस्ट हाऊस याच्या पलीकडे काही खर्च नाही. नाही म्हणाले तर निदान त्याच मजल्यावर तुझ्याच टेक्नॉलॉजीत काम करणारा एखादा सीनियर शोध, प्रोजेक्ट वेगळा असला तरी चालेल, आणि जेवायला त्याच्या टेबलावर जाऊन बस. लाज वाटेल पहिल्या दिवशी. आणि शेजारच्या त्या मुलाला नाव तरी विचार रे, कमाल आहे!

प्रश्न : मॅडम, मी ४६ वर्षांचा, घोडबंदर रोडला राहतो, हाताखाली १४ जणांची टीम आहे. वरून प्रेशर आहे की अटेंडन्स वाढवा, खालून प्रेशर आहे की सर काम होतंय ना मग कशाला बोलावता. मला मनापासून वाटतं की घरून लोक टंगळमंगळ करतात पण पुरावा नाही. कॅमेरा ऑन ठेवायला सांगावं का? आणि मला स्वतःला ऑफिस आवडतं हे गैर आहे का? – मध्ये अडकलेला

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. ऑफिस आवडणं गैर अजिबात नाही. तुम्हाला केबिन आहे, चहा जागेवर येतो, लोक 'सर' म्हणतात, घरी यातलं काही नाही. माझ्याही एका जुन्या बॉसना घरात लॅपटॉप ठेवायला डायनिंग टेबलाचा कोपरा मिळाला होता आणि ते इतके चिडचिडे झाले होते की लॉकडाऊन उठायची वाट त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोने जास्त बघितली. फक्त स्वतःच्या आवडीला कंपनीची गरज म्हणू नका, एवढंच.

आता टंगळमंगळ. यावर सगळ्यांत नीट केलेला प्रयोग चीनमधला आहे. शांघायच्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीने २०१० मध्ये कॉल सेंटरच्या लोकांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिलं, अर्ध्यांना ऑफिसात ठेवलं, आणि स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी नऊ महिने दोन्हींचं काम मोजलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्के जास्त भरलं. त्यातला मोठा भाग असा की त्यांनी मध्ये सुट्ट्या आणि ब्रेक कमी घेतले, म्हणजे खुर्चीत जास्त वेळ बसले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. झालं तर मग, तुम्ही म्हणाल. पण थांबा, त्यातच दोन गोष्टी निघाल्या ज्या कुणी व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करत नाही. एक, तेवढंच चांगलं काम करूनसुद्धा घरच्यांना प्रमोशन कमी मिळालं. दोन, प्रयोग संपल्यावर विचारलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनी परत ऑफिस मागितलं, मुख्य कारण काय तर एकटं वाटतं.

पुढे त्याच कंपनीने २०२१-२२ मध्ये १६१२ लोकांवर हायब्रीड करून बघितलं, आठवड्यातून दोन दिवस घर. ते २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि पुढची दोन वर्षं कामाच्या रेटिंगमध्ये किंवा प्रमोशनमध्ये काही फरक पडला नाही. मजा म्हणजे सुरू व्हायच्या आधी तिथल्या मॅनेजर लोकांनाही वाटत होतं की काम घटेल, तुमच्यासारखंच, आणि शेवटी त्यांचंच मत पालटलं.

वरच्या प्रेशरचं सांगायचं तर दर वेळी तो हट्टच असतो असं नाही. तुमचं ऑफिस एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, असेल तर तिथे करसवलत आणि 'काम झोनच्या आत' ही जोडी आहे, घरून कामाला परवानगी देणारा ४३ए हा नियमच मुळी जुलै २०२२ मध्ये आला, तोही आधी निम्म्या लोकांपुरता, मग सवलत वाढली, मग मुदती वाढत गेल्या. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे बऱ्याच कंपन्यांना लागू आहे आणि कर्मचाऱ्यांना कुणी सांगत नाही, मग लोकांना वाटतं साहेबाचा इगो. शिवाय भाड्याने घेतलेल्या मजल्यांची वर्षानुवर्षांची अॅग्रीमेंटं असतात. कंपन्याही गोंधळलेल्याच असतात हो. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पाच दिवस बोलावलं, पुढच्या वर्षी तर व्हेरिएबल पे, म्हणजे पगारातला कमी-जास्त होणारा भाग, हजेरीला जोडला.

कॅमेरा नको. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, काम नाही दिसत. मी असते तर चौदा जणांना एकत्र बसवून विचारलं असतं की आपल्या कामातलं नेमकं काय समोरासमोर लवकर होतं. नव्याला शिकवणं, क्लायंटचं भांडण सोडवणं, नवीन काम सुरू करताना डोकं लावणं, असं चार-पाचच निघेल. त्याचा एक दिवस ठरवा, सगळ्यांचा एकच. मंगळवारी पाच जण आणि गुरुवारी दुसरे नऊ असं नको, त्यात दोन्ही दिवस वाया जातात. त्या दिवशी ऑनलाइन मीटिंग बंद. आणि एक राहिलंच, वरच्या मुलाला सांगितलेल्या अभ्यासात असंही दिसलं की जवळ बसून शिकवणाऱ्या सीनियर लोकांचं स्वतःचं काम कमी भरतं. तेव्हा तुमच्याकडे जी बाई किंवा जो गडी दिवसभर पोरांच्या शंका सोडवतो त्याचं अप्रेझल करताना हे लक्षात ठेवा. बऱ्याचदा ऑफिसला यायला नाखूष असलेला सीनियर याच कारणाने नाखूष असतो, तोंडाने म्हणतो ट्रॅफिक.

प्रश्न : ताई, सगळे घरून काम मागतात, मला ऑफिस हवंय! आमच्या कंपनीने वाशीची जागा सोडून दिली, आता सगळे कायमचे घरून. नेरूळला वन बीएचके, मी, नवरा, मुलगी पहिलीत, आणि सासूबाई. मी कॉलवर असताना सासूबाई दार उघडून विचारतात भाजी कुठली करायची. कुरियर, गॅसवाला, शेजारणीची किल्ली, सगळं माझ्याकडे, कारण 'तू घरीच तर आहेस'. नवरा बेडरूम बंद करून बसतो, त्याला कुणी काही विचारत नाही. आधी सकाळी ट्रेनमध्ये मैत्रिणी भेटायच्या, तेवढा एक तास माझा होता. बोलले तर लोक म्हणतात नशीबवान आहेस. – घरीच तर आहे

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 'तू घरीच तर आहेस' हे वाक्य या ढिगात निदान सात-आठ बायकांनी लिहिलंय, पुरुष एकानेही नाही.

नवऱ्याचं आधी. बेडरूम आलटूनपालटून, सकाळ तुझी दुपार त्याची किंवा दिवस वाटून घ्या, आणि ज्याचा हॉलमधला वेळ त्याच्याकडे कुरियर आणि गॅसवाला. हे विनंती म्हणून मांडू नकोस, दोघांच्या मीटिंगचं कॅलेंडर समोर ठेवून मांड, कागदावर आलं की पटतं.

सासूबाईंचं मात्र जरा वेगळ्या बाजूने बघूया का? मलाही हे उशिराच कळलं. नौपाड्याच्या घरात माझ्या सासूबाई तीस-पस्तीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एकट्या राजासारख्या राहिल्या, दुपारची झोप, रेडिओ, भिशीच्या बायका, निवडणं-टिपणं सगळं त्यांच्या वेळापत्रकाने. मी लॅपटॉप घेऊन घरात बसायला लागले आणि त्यांना रेडिओ बंद करावा लागला, भिशी दुसरीकडे गेली, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी मी वळून बघायचे. ते घर म्हणजे त्यांचं ऑफिसच होतं की, मी जाऊन त्यांच्या टेबलावर बसले होते. तुझ्या सासूबाई दार उघडून भाजीचं विचारतात त्यात त्रास द्यायचा हेतू असेलच असं नाही, घर कुणी चालवायचं हेच त्यांना कळेनासं झालं असेल. त्यांना आदल्या रात्रीच सांगून टाक, अकरा ते एक आणि तीन ते साडेपाच मी या घरात नाही, भाजी तुम्ही ठरवाल ती. आणि त्यांच्या दुपारच्या दोन तासांत तूही त्यांच्या हॉलमध्ये कॉल घेऊ नकोस.

आणि जागा शोधच. कंपनीने भाडं वाचवलंय, त्यातलं थोडं परत माग, महिन्याला आठ दिवसांचा कोवर्किंगचा पास ही काही फार मोठी मागणी नाही, तुझ्यासारख्या तिघी-चौघी मिळून मागा म्हणजे नकार द्यायला जड जातं. सोसायटीचं ऑफिस किंवा क्लबहाऊस दुपारी रिकामं असेल तर सेक्रेटरीला विचार, टेबल-खुर्ची आणि वायफाय एवढंच लागतं. अभ्यासिकाही असतात ठिकठिकाणी, पण तिथे कॉल घेता येत नाही, एमपीएससीवाली पोरं डोळे वटारतात. ट्रेनच्या मैत्रिणींना महिन्यातून एकदा भेटायचं ठरवा, सीवूड्सला किंवा कुठेही. त्या एका तासाची भरपाई मात्र कुठली कंपनी करून देणार नाही, ते खरंच गेलंय.

प्रश्न : बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपतेय, घरून काम हक्काने मागता येईल का? – ठाणे पूर्व

उत्तर : मागता येईल, हक्काने नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा झाली, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम देता येईल असंही घातलं, पण कंपनी आणि बाई दोघींच्या संमतीने. म्हणजे नाही म्हणायची मोकळीक आहे त्यांना. पण ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय त्यांना करावीच लागते, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. तेव्हा एकाच मेलमध्ये दोन्ही विचार, घरून काम देता की पाळणाघर दाखवता? आमच्या अनुभवात दुसरं वाक्य वाचलं की पहिल्याला पटकन होकार येतो.

प्रश्न : हायब्रीडला चांगला मराठी शब्द सुचवा ना. – मराठीप्रेमी, पनवेल

उत्तर : संकरित म्हटलं की मला गाय आठवते आणि मिश्र म्हटलं की डाळ. हायब्रीडच राहू दे. पण 'दप्तर' बघा, मुळात सरकारी कागदपत्रांचा गठ्ठा, म्हणून पेशवे दप्तर, मग ते कागद ठेवायची जागा ती पण दप्तर, आणि मग पोरांच्या पाठीवर आलं. आता पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन कधी घर कधी ऑफिस करणारी माणसं बघितली की वाटतं शब्द आपल्याकडे आधीपासूनच होता.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं नोकरी केली. सायरन झाला की गेट बंद, मस्टरवर लाल शेरा. मुलगा कोपरखैरण्याला राहतो, हाफ पँटवर बसून अमेरिकेशी बोलतो. याला नोकरी म्हणायचं का? आणि नवी मुंबई एवढी ऑफिसांसाठीच वसवली ना, मग त्या इमारतींचं काय होणार? – एक निवृत्त वाचक, नौपाडा

उत्तर : काका, तुमच्या त्या गेटवरच्या पंचिंग मशीनचा खटका मीही ऐकलाय, एका मिनिटाने अर्धा दिवस गेला म्हणून रडणारी माणसंही पाहिलीत, त्यामुळे हाफ पँटचं मला तेवढं वाईट वाटत नाही. यंत्र कारखान्यात होतं म्हणून माणसाला कारखान्यात जावं लागायचं. मुलाचं यंत्र त्याच्या मांडीवर आहे.

दुसरा प्रश्न मात्र फार चांगला विचारलात. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवीन शहराची कल्पना मांडली तेव्हा मूळ मुद्दाच ऑफिसचा होता. मुंबई लांबट बेट, सगळ्या नोकऱ्या दक्षिण टोकाला, सकाळी अख्खं शहर खाली जातं आणि संध्याकाळी वर येतं, तर सरकारी कचेऱ्याच पलीकडे न्या म्हणजे नोकऱ्या मागोमाग जातील आणि माणूस राहतो तिथेच काम करेल. १९७० च्या मार्चमध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, इथल्या आगरी-कोळ्यांच्या गावांच्या जमिनी गेल्या, पण मंत्रालय काही जागचं हललं नाही, उलट त्याच काळात नरीमन पॉइंटला समुद्र बुजवून आणखी ऑफिसं उभी राहिली. बेलापूरला कोकण भवन आलं, बाजार समिती वाशीला आली, तरी मानखुर्दहून वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं आणि ठाणे-वाशी तर २००४. तोवर माणसं नवी मुंबईत झोपायला आणि मुंबईत कामाला.

गंमत बघा, सिडको ऑफिसं हलवायच्या खटपटीत होती त्याच सुमारास, १९७३ मध्ये, लॉस एंजेलिसला जॅक निल्स नावाचा माणूस तिथल्या ट्रॅफिकला वैतागून म्हणत होता की माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे पाठवा, आणि त्याने 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला. दोघांचा आजार एकच, लांबचा प्रवास. सिडकोला जे नीटसं जमलं नाही ते तुमच्या मुलाच्या लॅपटॉपने केलं, तो कोपरखैरण्यात राहतो आणि कोपरखैरण्यातच काम करतो!

इमारतींचं म्हणाल तर वागळे इस्टेटच बघा ना. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, झाली, तिची ही अगदी पहिल्यांपैकी वसाहत, कारखाने बंद पडत गेले आणि त्याच प्लॉटवर आयटीच्या काचेच्या इमारती आल्या. महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात केमिकल कंपन्यांच्या जागी तेच झालं. इमारतीला नवीन भाडेकरू मिळतो. अडकतो तो इमारतीच्या फुटपाथवर पोट असणारा, आणि नेमकं तसंच एक पत्र आलंय.

प्रश्न : मॅडम, मी आणि मिसेस महापेला पोळी-भाजी केंद्र चालवतो, गिऱ्हाईक सगळं कंपन्यांचं. आधी रोज सारखा धंदा होता. आता मंगळ-बुध-गुरु रांग लागते, पोळ्या कमी पडतात, आणि सोमवारी-शुक्रवारी भाजी फेकायची वेळ येते. दोन बायका पोळ्या लाटायला आहेत, त्यांना तीन दिवस बोलावू का? शेजारचा गाळा रिकामा आहे, गर्दीच्या दिवसांसाठी घेऊ का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, कारण वरचे सगळे निदान पगारावर आहेत. डबेवाल्यांनाही हाच फटका बसला, १८९० पासून चालत आलेला धंदा, त्यांचं गिऱ्हाईक घरी बसलं ते सगळं परत आलंच नाही.

गाळा अजिबात घेऊ नका. तीन दिवसांच्या गर्दीसाठी तीस दिवसांचं भाडं पडेल, आणि उद्या एका कंपनीने पॉलिसी बदलली की तेही गेलं. गर्दी कधी होणार हे अंदाजाने ठरवू नका, विचारून घ्या. आजूबाजूच्या कंपन्यांच्या अॅडमिनवाल्यांना आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांना पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी किती माणसं येणार हे साधारण माहीत असतं, लोक आता सीट आधी बुक करतात ना. सिक्युरिटीवाल्यांशी तर तुमची ओळख असेलच, ते आणि हाऊसकीपिंगच्या बायका हे एक दिवसही घरून काम न केलेले लोक आहेत, तुमचं सोमवार-शुक्रवारचं पक्कं गिऱ्हाईक तेच. त्यांच्यासाठी त्या दोन दिवशी एकच भाजी, एक उसळ आणि पोळ्या असा साधा डबा ठेवा, भाव थोडा कमी. व्हॉट्सअॅप ग्रुप करा, रात्री नऊपर्यंत ऑर्डर सांगणाऱ्याला सकाळी हमखास डबा, आयत्या वेळी येणाऱ्याला असेल ते.

शुक्रवारचं असं की तुमचं गिऱ्हाईक नाहीसं झालेलं नाही, ते घणसोली-कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये घरी बसलंय आणि दुपारी एक वाजता त्यालाही भूक लागतेच, वर नेरूळच्या ताईचं पत्र वाचलंत ना, कॉलवर असताना भाजी कुठली ते सांगायचं तिच्या जिवावर येतं. दोन-तीन सोसायट्या धरा, वॉचमनकडे डबे ठेवायची परवानगी घ्या, सोमवार-शुक्रवार तिकडे पोचवा. रविवारी मळलेली कणीक सोमवारपर्यंत ठेवून तिच्या पोळ्या घालू नका, घरच्या गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं.

पोळीवाल्या दोघींना तीन दिवसांवर आणू नका एवढ्यात. तीन दिवसांच्या पैशांत त्यांचं भागणार नाही, त्या दुसरं काम धरतील, आणि मग बुधवारी साडेबाराला रांग दारात आणि लाटायला कुणी नाही अशी वेळ येईल. सोमवार-शुक्रवार अर्धा दिवस ठेवा, त्यात सोसायटीचे डबे आणि पुढच्या दिवसाचं निवडणं-चिरणं करून घ्या. दोन महिने असं चालवून बघा आणि रोज किती डबे गेले ते वहीत लिहा, ती वही घेऊन मला परत लिहा, मग गाळ्याचं बोलू.